अंकीय स्वाक्षरीचे कार्ड अडते तेव्हा
(नळदुर्ग केंद्रातील प्राथमिक शिक्षकांपुढील भाषणाचा मजकूर)



मार्च महिन्याचा शेवटचा आठवडा आला म्हणजे ग्रामपंचायतीच्या कचेरीतून शाळेकडे एक निरोप हटकून येतो, 'गुरुजींना जरा पाठवून द्या, डोंगल लागत नाही.' संगणक जाणणारा माणूस गावात बहुधा शिक्षकच असतो. तेव्हा वर्ग शेजारच्या बाईंच्या हवाली करून गुरुजी कचेरीत जातात. तेथे ग्रामपंचायत अधिकारी, म्हणजे परवापरवापर्यंतचे ग्रामसेवक, पडद्याकडे पाहत बसलेले असतात. सरपंच उंबऱ्यात उभे असतात. आणि शाळेची पाण्याची टाकी बांधणारा गवंडी ओट्यावर बसून आपल्या देयकाची वाट पाहत असतो. केंद्रीय वित्त आयोगाच्या निधीतील पैसा २०२० पासून ई-ग्रामस्वराज आणि सार्वजनिक वित्तीय व्यवस्थापन प्रणाली यांच्या जोडणीतून निघू लागला, आणि त्याला दोन्ही पदाधिकाऱ्यांच्या अंकीय स्वाक्षऱ्या लागू लागल्या. एक स्वाक्षरी अडली की गवंड्याची मजुरी अडते, आणि जूनमध्ये शाळा उघडते तेव्हा मुलांना पाणी मिळत नाही. हे काम शिक्षकाचे नव्हे, हे खरेच; परंतु शिक्षकाला बोलावणे येणारच असेल तर त्याने तेथे जाऊन अंधारात चाचपडू नये, एवढ्याचसाठी हा विषय येथे घेतला आहे.

ज्याला डोंगल म्हणतात ती वस्तू दिसायला साठवणुकीच्या पेनड्राइव्हसारखी असली तरी तिचे कूळ निराळे आहे. तिच्या पोटात बँकेच्या कार्डावर सोनेरी चौकोनाखाली असते तसली चिप असते. कार्डात चिप बसविण्याची कल्पना जर्मनीत हेल्मुट ग्रोट्रुप आणि युर्गेन डेटलोफ यांनी १९६८ च्या सुमारास मांडली, आणि १९७४ मध्ये फ्रान्समध्ये रोलाँ मोरेनो यांनी तिला पुढे नेले. ही चिप केवळ माहितीची पेटी नसून स्वतः गणित करणारा एक इवलासा संगणक आहे. स्वाक्षरीची गुप्त किल्ली त्या चिपमध्येच जन्मते आणि तेथेच राहते. बाहेरचा संगणक तिला काम सांगू शकतो, उत्तर घेऊ शकतो. परंतु किल्ली मागितली तर ती मिळत नाही.

नळदुर्गच्या मुलांना हे समजावून सांगण्यास दूर जावे लागत नाही. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळी, १६१३ मध्ये, बोरी नदीवरच्या बंधाऱ्याच्या भिंतीत पाणी महाल बांधला गेला. पावसाळ्यात नर आणि मादी या दोन सांडव्यांवरून पाणी गर्जत कोसळते, महालाच्या गवाक्षासमोर पाण्याचा पडदा धरतो, आणि आत उभा असलेला माणूस मात्र कोरडा राहतो. चिपमधली किल्ली अशीच भिंतीच्या पोटात असते. व्यवहाराचा सगळा लोंढा तिच्या अंगावरून जातो, पण तो आत शिरत नाही.

किल्ली एक नसून दोन असतात, आणि त्यांची जोडी हेच या विद्येचे मर्म आहे. १९७६ मध्ये व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन या अमेरिकन गणितज्ञांनी असे प्रतिपादन केले, की कुलूप लावणारी किल्ली उघड करूनही उघडणारी किल्ली गुप्त ठेवता येईल. पुढच्याच वर्षी रिव्हेस्ट, शमीर आणि ॲडलमन या तिघांनी त्याची प्रत्यक्ष रीत काढली. तिचा पाया सातवीच्या मुलालाही कळण्याजोगा आहे. ५३ आणि ४७ या मूळ संख्यांचा गुणाकार मूल क्षणात करील, तो २४९१ येतो. परंतु नुसते २४९१ फळ्यावर लिहून त्याचे अवयव पाडण्यास सांगितले तर वर्गाचा बराच वेळ जाईल. कार्डाच्या चिपमध्ये जी संख्या वापरतात ती बहुधा ६१७ अंकी असते. तिचे अवयव पाडणे आजच्या सर्वांत वेगवान संगणकांच्याही आवाक्याबाहेरचे आहे.

आता कार्ड लावून संगणकाच्या जाळ्यात प्रवेश करणे म्हणजे काय घडते ते पाहावे. जाळ्याच्या दुसऱ्या टोकाला असलेला मुख्य संगणक, ज्याला सर्व्हर म्हणतात, तो एक नवी, पूर्वी कधी न दिलेली संख्या पाठवितो. कार्डधारक आपला पिन टाकतो. त्याने चिप जागी होते, एवढेच. पिन जाळ्यातून कोठेही जात नाही. जागी झालेली चिप गुप्त किल्लीने त्या संख्येवर स्वाक्षरी करते आणि सर्व्हर जोडीच्या उघड किल्लीने ती पडताळून पाहतो. प्रत्येक वेळी संख्या नवी असल्यामुळे कालचे उत्तर चोरून आज चालविता येत नाही.

येथे एक शंका निघते, आणि वर्गातले हुशार मूल ती काढल्याशिवाय राहणार नाही. ही उघड किल्ली अमक्याचीच, हे सर्व्हरला कोणी सांगितले? त्यासाठी प्रमाणपत्र असते. शाळा सोडल्याचा दाखला शिक्षकांच्या नित्य परिचयाचा आहे. नळदुर्गचे मूल सीमेपलीकडे कर्नाटकात आळंदच्या शाळेत गेले, तर तेथील मुख्याध्यापक येथील मुख्याध्यापकाची सही ओळखत नाहीत. म्हणून दाखल्यावर शिक्षण खात्याच्या वरिष्ठ अधिकाऱ्याची प्रतिस्वाक्षरी घेतात. अंकीय प्रमाणपत्राची रचना हुबेहूब अशी आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० हा १७ ऑक्टोबर २००० रोजी अमलात आला. त्याने प्रमाणन प्राधिकरणांवर एक नियंत्रक नेमला. नियंत्रक परवानाधारक संस्थांच्या किल्ल्यांवर स्वाक्षरी करतो आणि त्या संस्था व्यक्तींच्या किल्ल्यांवर. सर्व्हर खालून वर पायरी पायरीने चढत नियंत्रकाच्या मूळ प्रमाणपत्रापर्यंत पोचला, म्हणजे त्याचे समाधान होते. पण चढता चढता तो प्रत्येक पायरीवर तारीख पाहतो, रद्द केलेल्यांची यादी पाहतो, आणि शेवटी हे प्रमाणपत्र ज्याच्या खात्यावर लावले आहे तो आणि प्रमाणपत्रातला इसम एकच आहेत ना, हेही पाहतो. यांतील कोणतीही एक गोष्ट चुकली तर दार बंद. पडद्यावर मात्र बहुतेक वेळा एकच कोरडे वाक्य उमटते, आणि त्यातून दोष कोणत्या पायरीवर आहे हे कळत नाही. सगळा गोंधळ येथून सुरू होतो.

अशा वेळी कचेरीत जे घडते ते सर्वांनी पाहिले आहे. कोणी डोंगल उपसून फुंकर मारतो, कोणी संगणक बंद करून पुन्हा लावतो, कोणी पिन आठवून आठवून टाकतो, आणि अर्ध्या तासात मूळ एका दोषाचे तीन होतात. शिक्षकाजवळ याहून चांगली रीत आहे, ती त्याने आपल्याच वर्गातून उचलावी. वजाबाकीचे उदाहरण एकाच मुलाचे चुकले तर दोष त्या मुलाच्या समजुतीत शोधावा. एका बाकावरच्या सगळ्यांचे चुकले तर कोणी कोणाची पाटी पाहिली ते शोधावे. आणि साऱ्या वर्गाचे चुकले तर फळ्यावर काय लिहिले आहे ते शिक्षकाने स्वतः पाहावे. कार्डाचेही असेच आहे. सरपंचांचे कार्ड चालत नाही आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांचे त्याच संगणकावर चालते, तर दोष कार्डात किंवा प्रमाणपत्रात. दोघांचीही कार्डे येथे चालत नाहीत, पण शेजारच्या ग्रामपंचायतीच्या संगणकावर चालतात, तर दोष या संगणकात. आणि तालुक्यात कोणाचेच चालत नसेल, तर दोष दूरच्या सर्व्हरवर आहे. तेथील स्वतःच्या प्रमाणपत्राची मुदत संपणे हेही त्याचे एक प्रसिद्ध कारण होय. मग येथे डोंगल कितीही वेळा उपसले तरी व्यर्थ. एवढी एक चौकशी प्रथम केली, आणि तीही दूरध्वनीवरून, तर निम्मे दिवस वाचतात.

संगणकातच दोष आहे असे ठरले, तर पहिला प्रश्न एवढाच विचारावा, की संगणकाला कार्ड दिसते काय. डोंगलवर दिवा लागतो का, आणि डोंगलबरोबर आलेली आज्ञावली उघडल्यावर त्यात धारकाचे नाव दिसते का, हे पाहावे. दिवा नाही तर जोडणीचे छिद्र बदलावे. दिवा आहे पण नाव नाही, तर आज्ञावली बसविलेली नाही किंवा संगणकाची यंत्रणा नवी झाल्यावर जुनी आज्ञावली निकामी झाली. नावही दिसते, पण संकेतस्थळ ते घेत नाही, तर ब्राउझर आणि कार्ड यांच्यामध्ये दुभाष्याचे काम करणारी स्वाक्षरीची छोटी आज्ञावली बंद पडलेली असते. या गोष्टी रुक्ष आहेत, त्यांवर अधिक वेळ दवडण्याचे कारण नाही.

घड्याळावर मात्र थोडे थांबले पाहिजे, कारण खेड्यात सर्वांत जास्त फसविणारा दोष तोच आहे. संगणकाच्या मुख्य फळीवर रुपयाच्या नाण्याएवढी एक ३ व्होल्टची चपटी बॅटरी असते. संगणक बंद असताना तारीख व वेळ तीच जपते. काही वर्षांनी ती संपते. मग वीज गेली आणि परत आली, की संगणक आपली तारीख विसरतो आणि एखाद्या जुन्या वर्षाची १ जानेवारी दाखवू लागतो. इतर कामात कोणाच्या ध्यानात येत नाही. पण प्रमाणपत्रावर 'अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत' असे लिहिलेले असते. संगणकाच्या मते ते प्रमाणपत्र अजून जन्मलेलेच नसते, आणि तो ते नाकारतो. सरपंच म्हणतात कार्ड बिघडले. पुरवठादार म्हणतो नवे घ्या. आणि दोष असतो किरकोळ किमतीच्या बॅटरीत. मोठ्या कचेऱ्यांच्या जाळ्यात हा नियम आणखी कडक आहे. तेथे प्रवेशाची परवानगी देणारी केर्बेरोस नावाची पद्धत चालते. ग्रीक पुराणातील पाताळाच्या दारावरच्या तीन तोंडांच्या कुत्र्यावरून तिचे नाव पडले, आणि अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रसंस्थेत १९८० च्या दशकात ती तयार झाली. येणाऱ्याच्या आणि सर्व्हरच्या घड्याळांत सामान्यतः ५ मिनिटांहून अधिक फरक असला, तर हा कुत्रा आत सोडत नाही. म्हणून कचेरीत पाऊल टाकताच गुरुजींनी पडद्याच्या कोपऱ्यातील तारीख, आणि तारखेबरोबर वर्षही, वाचावे. वर्ष वाचायचे पुष्कळांच्या हातून राहून जाते.

पिनविषयी सांगायचे ते थोडे असले तरी कठोर आहे. पिन अंदाजाने टाकू नये. ठरावीक वेळा चुकीचा पिन पडला की चिप स्वतःला मिटून घेते. चोराच्या हाती कार्ड गेले तर त्याला हजार अंदाज करता येऊ नयेत म्हणून ही योजना आहे, आणि चिपला चोर व विसराळू सरपंच यांतील फरक कळत नाही. काही डोंगलांना व्यवस्थापकाचा वेगळा पिन असतो, त्याने कुलूप निघते. तो नसेल तर डोंगल पुसून नवे प्रमाणपत्र घ्यावे लागते. दोन वेळा चुकले की तिसऱ्यांदा हात मागे घ्यावा. अंकांची कळ दाबलेली नसणे, मोठी लिपी चालू राहणे, कळफलक मराठीत असणे ही कारणे आधी तपासावी. ग्रामीण कचेऱ्यांत कळफलक मराठीतच राहून गेलेला असण्याची शक्यता बरीच असते.

प्रमाणपत्राची मुदत साधारणपणे दोन वर्षांची असते, तीनपर्यंतही मिळते. ती संपल्यावर नवे प्रमाणपत्र घेतले जाते, आणि त्यानंतर जी अडचण येते ती पुष्कळांना चमत्कारिक वाटते. कार्ड नवे, पिन बरोबर, तारीख बरोबर, तरीही प्रवेश नाही. याचे कारण असे, की संकेतस्थळाकडे जुन्या प्रमाणपत्राची नोंद असते. माणूस तोच असला तरी किल्लीची जोडी नवी झालेली असते. बदलून आलेल्या शिक्षकाचे नाव हजेरीपटात चढेपर्यंत तो शाळेत असूनही नसल्यासारखा असतो, तसेच हे आहे. नवे प्रमाणपत्र खात्यावर पुन्हा नोंदवावे लागते आणि त्या नोंदीला वरून मान्यता घ्यावी लागते. यासाठी काही दिवस जातात. म्हणून मार्चअखेर ज्याची मुदत संपते त्याने फेब्रुवारीतच हालचाल करावी.

नाव आणि खाते यांच्या या सांधणीत जगातील मोठमोठ्या कचेऱ्याही अडकल्या आहेत. विंडोज यंत्रणेच्या जाळ्यात पूर्वी प्रमाणपत्रातील नाव खात्याच्या नावाशी जुळले की पुरे होई. त्या ढिलाईचा फायदा घेऊन दुसऱ्याच्या नावाने आत शिरण्याची वाट २०२२ मध्ये उघडकीस आली. तेव्हा मे २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्ट कंपनीने नियम घट्ट केला, की नावाखेरीज खात्याचा एकमेव क्रमांकही प्रमाणपत्राशी पक्का जोडलेला हवा. प्रथम इशारे दिले गेले, फेब्रुवारी २०२५ मध्ये सक्ती आली, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये उरलेली सवलतही संपली. ज्यांनी इशाऱ्यांच्या नोंदी तीन वर्षांत उघडून पाहिल्या नव्हत्या, त्यांच्या कचेऱ्यांत धडधाकट कार्डे एका सकाळी निरुपयोगी ठरण्याची पाळी आली. शाळेत दोन विद्यार्थी एकाच नावाचे असले म्हणजे गुरुजी जनरल रजिस्टरचा क्रमांक पाहतात. नाव पुरेसे नाही हे प्राथमिक शिक्षकाला फार पूर्वीपासून ठाऊक होते, असे म्हणण्यास हरकत नाही.

दार बंद राहणे हा प्रत्येक वेळी दोषच असतो असेही नव्हे. एस्टोनिया या लहानशा देशात नागरिकांच्या ओळखपत्रातच अशी चिप असते. २०१७ मध्ये संशोधकांना आढळले, की एका बनावटीच्या चिपमध्ये किल्ली तयार करण्याची रीत सदोष असून उघड किल्लीवरून गुप्त किल्ली शोधता येण्याचा संभव आहे. त्या वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये तेथील शासनाने सुमारे साडेसात लाख कार्डांची प्रमाणपत्रे स्थगित केली. धारकांचा पिन बरोबर होता, मुदत बाकी होती, तरी कार्ड चालले नाही, आणि ते न चालणे हेच योग्य होते. आपल्याकडेही जुलै २०१४ मध्ये राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या प्रमाणन यंत्रणेतून परक्यांच्या संकेतस्थळांच्या नावे अनधिकृत प्रमाणपत्रे निघाल्याचे उघड झाले, आणि भारताच्या नियंत्रकाने तिची प्रमाणपत्रे तत्काळ रद्द केली. रद्द केलेल्यांची यादी प्रत्येक वेळी पाहिली जाते ती यासाठी. मात्र ती यादी जाळ्यातूनच आणावी लागते, आणि जाळे मंद असले तर सर्व्हर किंवा संगणक ती न मिळाल्यामुळेही नकार देतो. पावसात तार लोंबकळली की असे नकार वाढतात. अशा वेळी प्रमाणपत्राला दोष न देता घटकाभर थांबावे. पडताळणीचा हा टप्पा बंद करून टाकण्याचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नये. त्याचप्रमाणे मूळ प्रमाणपत्र संगणकात नाही असा संदेश आला, तर ते नियंत्रकाच्या किंवा परवानाधारक संस्थेच्या संकेतस्थळावरूनच घ्यावे, अनोळखी माणसाने मोबाइलवर पाठविलेले बसवू नये. खोट्या मुळाला एकदा खरे मानले की त्यावरची प्रत्येक फांदी खरी ठरते.

आता उरला तो सर्वांत नाजूक भाग. पुष्कळ गावांत अशी वहिवाट पडली आहे, की सरपंचांचे डोंगल संगणकचालकाच्या खणात पडलेले असते आणि पिन डोंगलवरच चिकटपट्टीने लावलेला असतो. सरपंच शेतावर असतात. काम अडू नये म्हणून हे केले जाते, आणि करणाऱ्याच्या मनात बहुधा वाईट काही नसते. सरपंच एखादी भगिनी असली तर तिचे डोंगल घरातला पुरुष बाळगतो, असेही घडते. परंतु अधिनियमाच्या कलम ५ ने या स्वाक्षरीला हातच्या सहीची मान्यता दिली आहे, आणि कलम ४२ ने गुप्त किल्ली आपल्या ताब्यात राखण्याची वाजवी काळजी घेण्याचे कर्तव्य धारकावर टाकले आहे. किल्ली दुसऱ्याच्या हाती गेली असे कळताच त्याने विनाविलंब प्रमाणन प्राधिकरणाला कळविले पाहिजे. उद्या एखाद्या देयकावर चौकशी बसली, तर सही चालकाने केली हे सरपंचांना सिद्ध करून दाखविणे फार कठीण. मराठी राज्यात पत्राच्या शेवटी मोर्तब उठवीत, ते मजकूर संपला, यापुढे कोणी अक्षर वाढवू नये, एवढ्यासाठी. आणि शिक्का ज्याच्या स्वाधीन असे तो त्याला जबाबदार असे. अंकीय स्वाक्षरीत मजकुराचे एक अक्षर बदलले तरी पडताळणी फसते, इतके ते मोर्तब पक्के आहे. पण शिक्काच दुसऱ्याच्या खणात असेल तर मजकूर कोणी लिहिला हे तो सांगू शकत नाही.

म्हणून मदतीला गेलेल्या शिक्षकाने डोंगल हाताळावे, पण पिन विचारू नये आणि कोणी सांगू लागला तर ऐकू नये. पिन टाकण्याची वेळ आली की खुर्ची सोडून उठावे, धारकाला बसवावे आणि स्वतः ओट्यावर गवंड्याशी दोन शब्द बोलावे. यात थोडा संकोच वाटतो. गावातले सरपंच अनेकदा शिक्षकाचेच जुने विद्यार्थी असतात, आणि 'गुरुजी, तुमच्यापासून काय लपवायचे' असे म्हणतात. तरी उठावेच.

कचेरीतून निघण्यापूर्वी एका कोऱ्या वहीत चार ओळी लिहून ठेवाव्या. पडद्यावरचा संदेश जसाच्या तसा, इंग्रजीत असेल तर इंग्रजी अक्षरांतच. दिनांक आणि वेळ. दुसऱ्याचे कार्ड याच संगणकावर चालले की नाही. हेच कार्ड दुसरीकडे चालले की नाही. तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या मदतकक्षाला दूरध्वनी केल्यावर ते पहिल्याप्रथम हेच विचारतात. वहीच्या पहिल्या पानावर दोन्ही प्रमाणपत्रांची मुदत संपण्याचे दिनांक मोठ्या अक्षरांत असावेत, आणि कचेरीच्या भिंतीवरील दिनदर्शिकेत त्याच्या एक महिना आधीच्या तारखेभोवती तांबड्या शाईने वर्तुळ काढलेले असावे.